आठवड्याला एक सुई : सेमाग्लुटाइडचे चौदा महिने

गेले चौदा महिने दर रविवारी सकाळी मी पोटाच्या त्वचेखाली सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन घेत आहे. मला टाइप २ मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. या औषधाविषयी जे काही वाचायला मिळते त्यात बहुतेक वेळा किती किलो उतरले एवढाच हिशेब असतो, आणि मधुमेह असलेल्या माणसाला ज्या गोष्टी आधी कळायला हव्यात त्या त्यात सापडत नाहीत, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. मधुमेहावरचे औषध म्हणून हे मला अत्यंत मोलाचे वाटते, वजनावरचे औषध म्हणूनही ते कसोटीला उतरते, मात्र ते ज्या घाईने सुरू केले जाते आणि ज्या सहजपणे बंद केले जाते, त्या दोन्ही टोकांना रुग्णाचे नुकसान होते.

माझी आधीची स्थिती सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. निदान झाले त्या दिवसापासून मी मेटफॉर्मिन घेत होते, काही वर्षांनी त्याला ग्लिमेपिराइडची जोड मिळाली, आणि तरीही एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीतला टक्क्यांचा आकडा, ८.४ वर येऊन थांबले होते. दरवर्षी दोन-तीन किलो वजन चढत होते. चालणे नियमित होते आणि खाण्यावर लक्षही होते, पण भूक अशी होती की जेवून उठल्यावर तासाभरात पुन्हा काहीतरी तोंडात टाकावेसे वाटे. ही भूक म्हणजे माझ्या मनाचा दुबळेपणा आहे असे मी कितीतरी वर्षे मानत आले होते, आणि भेटलेल्या बहुतेकांनी, त्यात काही डॉक्टरही आले, तसेच मानले होते.

हे औषध काय करते हे समजून घेतले तर त्या अपराधी भावनेला फारशी जागा उरत नाही. आपण जेवतो तेव्हा आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. रक्तातील साखर वाढलेली असेल तर ते स्वादुपिंडाला इन्शुलिन स्रवायला सांगते, साखर वाढवणाऱ्या ग्लुकागॉनला आवर घालते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूतील भुकेच्या केंद्रांना पोट भरल्याची खबर देते. अडचण अशी की शरीरातील डीपीपी-४ नावाचे विकर (एन्झाइम) या संप्रेरकाला अवघ्या दोन-एक मिनिटांत निकामी करते. सेमाग्लुटाइडचा रेणू मूळ संप्रेरकाशी ९४ टक्के जुळतो, पण त्यात दोन जागी असा बदल केला आहे आणि त्याला मेदाम्लाची अशी एक साखळी जोडली आहे की ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते आणि विकराच्या तावडीत लवकर सापडत नाही. त्यामुळे त्याचे निम्मे प्रमाण उतरायला सुमारे एक आठवडा लागतो, आणि आठवड्यातून एकदा सुई पुरते ती याच कारणाने. जीएलपी-१ सारखे काम करणाऱ्या या वर्गातील पहिले औषध एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याचे मूळ गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या एका घटकात आहे, आणि ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. पुढे दिवसातून एकदा घ्यायचे लिराग्लुटाइड आले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सेमाग्लुटाइडला ओझेम्पिक या नावाने टाइप २ मधुमेहासाठी मंजुरी मिळाली. वजनासाठीचे वेगोव्ही जून २०२१ मधले. दोन्हींत रेणू एकच आहे, फरक आहे तो कमाल मात्रेचा आणि कोणत्या कारणासाठी मंजुरी आहे याचा.

पहिली मात्रा ०.२५ मिलिग्रॅमची असते आणि ती चार आठवडे घ्यायची असते. ही मात्रा साखर आटोक्यात आणण्यासाठी नाहीच, पोटाला औषधाची सवय व्हावी एवढाच तिचा हेतू असतो. हे मला कोणी नीट सांगितले नव्हते, त्यामुळे पहिल्या महिन्यात मीटरवरचे आकडे फारसे हलले नाहीत तेव्हा मी निराश झाले होते. भुकेतला फरक मात्र दुसऱ्याच आठवड्यात जाणवला, आणि तो क्षण मला स्पष्ट आठवतो. रात्रीच्या जेवणात ताट निम्मे झाले असताना माझा हात थांबला. कोणी अडवले नव्हते, मनात कसला निश्चय नव्हता, ताटातले आवडीचे होते, आणि तरीही पुढचा घास घ्यावासा वाटला नाही. मी ताटाकडे बराच वेळ बघत बसले. ज्यांना कधीच अनावर भूक लागलेली नाही त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. मला मात्र त्या रात्री कळले की इतर माणसे जेवण संपले की उठतात ती कशी. दिवसभर डोक्यात चाललेला खाण्याचा विचार, पुढचे जेवण कधी, त्यात काय, आत्ता थोडे घेतले तर चालेल का, हा सगळा कोलाहल शांत झाला. औषधाचा एवढा एकच गुण असता तरी मी त्याला चांगले म्हटले असते.

चार आठवड्यांनी मात्रा ०.५ मिलिग्रॅम झाली आणि त्रासाला सुरुवात झाली. सुई घेतल्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पोटात कालवल्यासारखे होई, तळणीचा वास नकोसा होई आणि करपट ढेकर येत. उलटी एकदाच झाली, तीही मी सवयीने पूर्वीइतकेच जेवले त्या दिवशी. बद्धकोष्ठता मात्र दोन महिने पिच्छा सोडत नव्हती. मळमळ हा या औषधाचा सर्वांत जास्त आढळणारा त्रास आहे. वजनासाठीच्या मात्रेच्या स्टेप-१ या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के लोकांना ती झाली, आणि मात्रा वाढवण्याच्या काळात तिचा जोर अधिक होता. मला उपयोगी पडले ते असे : जेवण लहान ठेवणे, सावकाश खाणे, पहिली तृप्ती जाणवताच थांबणे, जेवल्यावर लगेच आडवे न होणे आणि पाणी दिवसभर थोडे थोडे पीत राहणे. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण भुकेबरोबर तहानही मंदावल्यासारखी होते, आणि उलट्या किंवा जुलाब होत असताना पाणी कमी पडले तर मूत्रपिंडावर ताण येऊन ती बिघडू शकतात.

मात्रेची शिडी घाईने चढण्यात काहीच अर्थ नाही. मधुमेहासाठी ०.५ नंतर गरज असेल तर १ आणि नंतर २ मिलिग्रॅमपर्यंत जाता येते, वजनासाठीच्या रूपात १.७ आणि २.४ मिलिग्रॅम अशा पायऱ्या आहेत. मी ०.५ वर चारऐवजी दहा आठवडे राहिले, कारण साखर उतरत होती आणि पोट अजून कुरकुरत होते. वरची पायरी गाठणे हे उपचाराचे ध्येय नसते. ज्या मात्रेवर आकडे ताब्यात येतात आणि जेवण सुखाने होते तीच आपली मात्रा, असे माझ्या सध्याच्या डॉक्टरांचे सांगणे आहे आणि मला ते पूर्णपणे पटले आहे.

आता माझ्या तक्रारीकडे येते. ज्या डॉक्टरांनी मला हे औषध प्रथम लिहून दिले त्यांनी ग्लिमेपिराइडची मात्रा तशीच ठेवली. सेमाग्लुटाइड एकटे असताना साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाही, कारण इन्शुलिन वाढवण्याचे त्याचे काम रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हाच चालते. ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया वर्गातील औषधे असा विचार करत नाहीत. साखर कमी असली तरी ती इन्शुलिन पिळून काढतात. त्यातच माझे जेवण निम्म्यावर आलेले. ०.५ मिलिग्रॅम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी काम करताना माझी बोटे थरथरू लागली, कपाळावर गार घाम आला आणि समोरच्या कागदावरची ओळ तीनदा वाचूनही अर्थ लागेना. मीटरची पट्टी बोटाला लावताना रक्ताचा थेंब दोनदा बाजूला ओघळला. आकडा आला ५८. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ८१ होता. त्या पंधरा मिनिटांत घरात मी एकटी होते, आणि ती भीती अजून गेलेली नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आधी निम्मे केले आणि महिन्याभरात पूर्ण बंद केले, त्यानंतर असा प्रसंग पुन्हा आला नाही. सल्फोनिलयुरिया किंवा इन्शुलिन चालू असताना हे औषध सुरू होत असेल तर जुन्या औषधाची मात्रा कमी करायची का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठू नये, असे मी कळकळीने सांगते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सस्टेन-६ या चाचणीत मधुमेहामुळे दृष्टिपटलावर होणाऱ्या विकारातील गुंतागुंत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत ३ टक्के आणि इतरांत १.८ टक्के आढळली होती. फार काळ चढलेली साखर झपाट्याने खाली आली की दृष्टिपटलाचा आधीचा विकार काही काळ बळावू शकतो, हे इन्शुलिनच्या बाबतीतही पूर्वीपासून माहीत आहे. ज्यांच्या डोळ्यांत असा विकार आधीच आहे त्यांनी औषध सुरू करण्यापूर्वी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. माझी ही तपासणी औषध सुरू झाल्यावर पाच महिन्यांनी झाली, आणि सुदैवाने पडदा चांगला निघाला, पण क्रम उलटा झाला तो झालाच.

हे औषध भरलेल्या पेनमधून टोचायचे असते, आणि त्या पेनविषयी माझे मत चांगले आहे. सुई ४ मिलिमीटरची असते आणि टोचल्याचे जवळजवळ कळतही नाही. मुंगी चावल्याइतकेही दुखत नाही असे मी सुईला घाबरणाऱ्या माझ्या बहिणीला सांगितले आणि तिने स्वतः पाहिल्यावरच तिला ते पटले. नवे पेन प्रथम वापरताना औषध टोकापर्यंत येते की नाही हे पाहावे लागते, सुईच्या टोकावर बारीक थेंब चमकला की पुढे जायचे. मात्रा खिडकीत दिसते, बटण दाबून धरले की आकडा टिकटिक करत शून्यावर येतो, आणि त्यानंतर सहा मोजेपर्यंत सुई तशीच आत ठेवायची असते. पहिल्या काही वेळा मी ती लगेच काढली, तेव्हा त्वचेवर थेंब राहिलेला दिसे, म्हणजे मात्रा पूर्ण जात नव्हती. पोट, मांडी किंवा दंडाचा वरचा भाग यांपैकी कोठेही टोचता येते, फक्त दर आठवड्याला जागा थोडी बदलावी. सुई प्रत्येक वेळी नवी वापरायची आणि पेन कोणाशीही वाटून घ्यायचे नाही, सुई बदलली तरी नाही.

साठवणुकीत मी एक पेन वाया घालवले आहे. न वापरलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. मी ते फ्रीजच्या अगदी मागच्या भिंतीला टेकवून ठेवले होते आणि आतले औषध गोठले. एकदा गोठलेले औषध वितळून पूर्वीसारखे स्वच्छ दिसू लागले तरी ते वापरायचे नसते. महिन्याभराचे औषध टाकून द्यावे लागले याची हळहळ वाटली, पण ते टोचून घेण्याचा मोह मी टाळला. आता पेन दाराच्या कप्प्याजवळ, खोक्यासकट, उजेड लागणार नाही असे ठेवते. एखाद्या आठवड्याची सुई राहून गेली तर पाच दिवसांच्या आत घेता येते. त्याहून उशीर झाला तर ती सोडून ठरलेल्या वारी पुढची घ्यायची.

परिणामांचे बोलायचे तर सहा महिन्यांत माझे एचबीए१सी ८.४ वरून ६.७ वर आले आणि तेथेच टिकून आहे. मोठ्या चाचण्यांत १ मिलिग्रॅमच्या मात्रेवर साधारण दीड टक्क्याच्या आसपास घट दिसली होती, म्हणजे माझा अनुभव त्यापासून फार वेगळा नाही. वजन ८८ वरून ७९ किलोवर आले. येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करते, कारण अनेक मधुमेहींचा हिरमोड तिच्यामुळे होतो. जे मोठे आकडे सगळीकडे सांगितले जातात ते बहुधा मधुमेह नसलेल्या लोकांचे असतात. स्टेप-१ चाचणीतील १,९६१ जणांपैकी कोणालाही मधुमेह नव्हता, आणि औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के उतरले. मधुमेह असलेल्या लोकांवरच्या स्टेप-२ चाचणीत २.४ मिलिग्रॅमच्या त्याच मात्रेवर ही घट ९.६ टक्के होती. शेजारच्या माणसाचे वजन दीडपट वेगाने उतरले म्हणून आपले काही चुकते आहे असे समजू नये.

वजनकाट्यावर न दिसणारा फायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सस्टेन-६ मध्ये ३,२९७ मधुमेही होते. हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६.६ टक्के, तर इतरांत ८.९ टक्के राहिले. २०२३ मधल्या सिलेक्ट चाचणीत मधुमेह नसलेले, पण हृदयरोग आणि जास्त वजन असलेले १७,६०४ लोक होते, आणि त्यांच्यातही अशा घटना २० टक्क्यांनी कमी झाल्या. २०२४ च्या फ्लो चाचणीत मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असे दोन्ही असलेल्या ३,५३३ रुग्णांत मूत्रपिंडाच्या गंभीर घटना आणि मूत्रपिंड वा हृदयामुळे येणारे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी घटले. ती चाचणी फायदा स्पष्ट दिसल्यामुळे ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आली. माझ्या वडिलांचे अखेरचे दिवस डायलिसिसवर गेले आहेत, त्यामुळे मूत्रपिंडाचा हा आकडा मी केवळ आकडा म्हणून वाचू शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या वर्गातील औषधांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले, तेही मधुमेहासोबत हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार आणि स्थूलता असलेल्या रुग्णांसाठी, हे मला योग्य वाटते.

उणिवांपैकी सर्वांत मोठी म्हणजे स्नायूंची झीज. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही वाटा असतो. चौथ्या महिन्यात जिना चढताना माझ्या मांड्या पूर्वीपेक्षा लवकर भरून येऊ लागल्या, तेव्हा मला याची जाणीव झाली. भूकच नसल्याने प्रथिने पुरेशी जात नव्हती. त्यानंतर जेवणाची सुरुवात प्रथिनांनी करण्याचा आणि आठवड्यातून तीनदा वजने उचलण्याचा नियम केला, आणि दोन-तीन महिन्यांत फरक पडला. सुईबरोबर व्यायामाची ही सूचना लिहूनच द्यायला हवी, असे मला वाटते. चेहरा थोडा ओढल्यासारखा दिसतो हेही खरे, पण त्याचे मला फारसे दुःख नाही.

हे औषध कोणी घेऊ नये, याबद्दल संदिग्धता नको. स्वतःला किंवा घरातल्या रक्ताच्या नात्यातील कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर ते वर्ज्य आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉइडच्या गाठी दिसल्या म्हणून हा ठळक इशारा पत्रकात दिलेला आहे. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, आणि औषध चालू असताना पोटात असह्य, पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आली तर पुढची सुई न घेता तातडीने रुग्णालय गाठावे. पित्ताशयात खडे होण्याची शक्यताही वाढते. गर्भधारणेचा विचार असेल तर किमान दोन महिने आधी ते थांबवावे लागते. टाइप १ मधुमेहात ते इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाही. भूल द्यावी लागणारी शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना याची कल्पना द्यावी, कारण जठर उशिरा रिकामे होत असल्याने उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली तर एक तासही थांबू नये. डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडण्याचा एक अतिशय दुर्मीळ विकार या औषधाशी जोडला गेला आहे.

सुई नकोच असेल त्यांच्यासाठी रायबेल्सस नावाची गोळी २०१९ पासून आहे. ती अनशापोटी, जेमतेम अर्धा पेला पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास काहीही खायचे-प्यायचे नाही, असा तिचा नियम आहे. गोळीतल्या औषधाचा फार थोडा अंश रक्तात पोचतो, त्यामुळे हा नियम सैल केला की गोळी जवळजवळ वाया जाते. सकाळी इतर गोळ्या घेणाऱ्यांना हे सांभाळणे अवघड जाते. मला तरी आठवड्याची सुई कितीतरी सोपी वाटते. टिर्झेपाटाइड हे याच्यापुढचे औषध जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते आणि समोरासमोरच्या तुलनेत त्याने वजन अधिक उतरवले आहे. केवळ वजनाचा प्रश्न असेल तर त्याची माहिती अवश्य घ्यावी. मी ते वापरलेले नाही.

राहिला प्रश्न तो कधी थांबायचे याचा, आणि हाच मला सर्वाधिक विचारला जातो. स्टेप-१ मधील काही जणांचे औषध बंद झाल्यावर वर्षभर निरीक्षण केले, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले होते. औषध बंद झाले की भूक आपल्या जुन्या जागी येते. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर रक्तदाब चढला तर कोणी रुग्णाला दोष देत नाही, येथे मात्र वजन परतले की रुग्णाच्याच निर्धारावर बोट ठेवले जाते, याचे मला फार वाईट वाटते. चार-सहा महिन्यांत एखाद्या समारंभापुरते बारीक होण्यासाठी कोणी हे सुरू करणार असेल तर त्यांनी ते करू नये. ज्यांना मधुमेहासाठी त्याची गरज आहे त्यांनी ते दीर्घकाळ चालणार असे धरूनच खर्चाचा, तपासण्यांचा आणि व्यायामाचा विचार आधी करावा.

मी सध्या १ मिलिग्रॅमवर आहे. मागच्या भेटीत डॉक्टरांनी २ मिलिग्रॅमचा पर्याय समोर ठेवला होता. साखर ठीक आहे, मूत्रपिंडावरच्या ताणाची खूण असलेले लघवीतील अल्ब्युमिन वर्षभरात उतरले आहे, पोटाची कुरबूर थांबली आहे, म्हणून आम्ही दोघांनी मिळून आहे तीच मात्रा पुढे चालू ठेवायचे ठरवले. पुढची रक्ततपासणी तीन महिन्यांनी आहे आणि डोळ्यांची त्याच आठवड्यात, या वेळी आधीच ठरवून.